पाणी पाजलेली जर्सी

आमच्या गावात लग्नाचा बस्ता काढायला माणसं निघाली, की बैलगाडीत आधी माझ्या मायला बसवत. नवरीची आई मागून चढली तरी चालायचं, पण माय आली की नाही हे गाडी जुंपायच्या आधी विचारलं जायचं. नातं असो नसो. बस्ता म्हणजे लग्नाचं सगळं कापड एकाच बैठकीत घ्यायचं : नवरीची लुगडी, नवरदेवाचं धोतर, मानपानाचे खण, पागोटी. दुकानदाराने एकदा फाडून दिलेलं कापड परत होत नाही. आणि लग्नात दिलेलं लुगडं वर्षाच्या आत विरलं, तर देणाऱ्याचं नाव पुढची कितीतरी वर्षं निघत राहतं. म्हणून पारख असलेलं माणूस बरोबर न्यायचं. आमच्याकडे ते माणूस माझी माय होती.

गाव तापीकाठचं, शहाद्याच्या बाजूचं. तेव्हा हा सगळा मुलूख पश्चिम खानदेशात मोडायचा. काळी जमीन, कापसाची. दसऱ्यापासून होळीपर्यंत बायांची बोटं कापसातच असायची, त्यामुळे धागा लांब की तोकडा, पिळदार की भुसभुशीत, हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला थोडंफार कळायचंच. मायला जरा जास्त कळायचं. ती दुकानात गेली की लुगड्याचा रंग बघायची नाही, काठ बघायची नाही. आधी कापड उलटं करायची. मग एक कोपरा मुठीत धरून चुरगळायची आणि सोडून द्यायची. ते कसं उलगडतं हे बघत बसायची. मग अंगठ्याला थुंकी लावून रंग चोळायची, आणि शेवटी नखाने खरवडायची. खरवडल्यावर पांढरी पूड पडली, की समजायचं कापडात सूत कमी आणि खळ जास्त.

शहाद्याच्या शेठला ती माहीत होती. आम्ही ओट्यावर चढलो, की तो नोकराला डोळ्याने खुणावून काही गठ्ठे आत पाठवायचा आणि म्हणायचा, “या मावशी. आज आमचं काही खरं नाही.”

एकदा त्याने एक कडक लुगडं पुढे टाकलं. मायने नख फिरवलं आणि बोट त्याच्या पांढऱ्या गादीला पुसलं.

“शेठ, हाई लुगडं शे का पापड? नेसानं का तळीसन खावानं?”

शेठ स्वतःच हसला. लुगडं आत गेलं. परतीच्या गाडीत हा किस्सा नदी येईपर्यंत बाया आळवत राहिल्या.  माय मात्र मांडीवरच्या गाठोड्यावर हात ठेवून बसली होती. तो हात कसा होता ते मला अजून दिसतं. आपलं काम नीट झालं हे ज्याला ठाऊक आहे, त्याचा हात होता तो.

हे सगळं मी आधी सांगतो, कारण पुढचं कळायला ते लागतं.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. आमच्या पंचक्रोशीतही माझ्याआधी कोणी नव्हतं. हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. मी अभ्यास केला आणि घराने मला शेतातून मोकळं सोडलं, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण मॅट्रिकच्या वर्षी हिवाळ्यात माझी छाती भरली. शाळेसाठी मी नंदुरबारला खोली करून राहत होतो. न्युमोनिया होता. आबा, म्हणजे माझे वडील, गाडी घेऊन आले आणि मला गवताच्या बिछान्यावर निजवून घरी घेऊन गेले. मी वाचलो, परीक्षाही पास झालो आणि पुण्याच्या कॉलेजात नाव घातलं. पण मायच्या मनातून ती छाती गेली नाही. पहिलं सत्र संपून दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो, तेव्हा तिने मला समोर बसवून सांगितलं :

“थंडीना बंदोबस्त व्हई तवयच पुनाले जावानं. नही ते ऱ्हाऊ दे ते कालेज.”

आबा बाजूला दावं वळत बसले होते. ते म्हणाले, “घोंगडी शे ना. मना बाप बठ्ठा जलम घोंगडीमा काढी गया.”

“तुमना बाप कालेजमा नही गया,” माय म्हणाली.

 आबा दावं वळत राहिले. पण माय गंमत करत नव्हती, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं. तिने ठरवलं असतं तर मी गेलो नसतो. आबांनी मला शेतातून सोडलं होतं खरं, पण घरातून सोडणारी माय होती.

नुकतीच मोठी लढाई संपली होती. पलटणीचा उरलेला माल सुरतेकडून रेल्वेने नंदुरबारात येई आणि तिथून बाजारोबाजार फिरे. बूट, पट्टे, कांबळी, डबे. आमच्या आठवडी बाजारातही असला एक व्यापारी बसू लागला होता. ताडपत्री अंथरून त्यावर कपड्यांचा ढीग. अक्कलकुव्याच्या बाजारात याच्याकडे डोंगरातली माणसं कोट घ्यायला झुंबड करतात, असं आमच्याकडे बोललं जायचं. माय म्हणाली, आपण बघू. आणि कपड्याचा प्रश्न होता म्हणून ती स्वतः आली. आबाही आले, पण ते बैलाच्या घुंगरांच्या दुकानाशी थांबले. कापड बघायचं असलं, की ते मायच्या मध्ये कधी येत नसत.

ढिगात तिला ती जर्सी सापडली. लोकरीची, राखी रंगाची, जाड विणीची, डोक्यावरून घालायची. आणि मानेच्या मागे त्याच लोकरीची टोपी जोडलेली, हवी तेव्हा डोक्यावर ओढून घ्यायची. हल्ली शहरातली पोरं असलं काही उन्हाळ्यातसुद्धा घालून फिरतात. आम्ही तोपर्यंत पाहिलं नव्हतं. थंडीत शेतावर जाताना आमच्याकडे घोंगडीला दुमड घालून खोळ करतात आणि ती डोक्यावरून घेतात. मायने ती टोपी पाहिली आणि तिला लगेच कळलं. “हाई ते शिवेल खोळ शे,” ती म्हणाली. कान झाकणार, मान झाकणार, छाती झाकणार. तिला जे हवं होतं तेच होतं.

पण हवं ते सापडलं म्हणून माय घेणारी नव्हती. ती ताडपत्रीच्या कडेला मांडी घालून बसली. जर्सी उलटी केली. कोपराच्या जागा उन्हाकडे धरून पाहिल्या, कारण वापरलेलं कापड आधी कोपरावर विरतं. मनगटाची वीण ताणून सोडली, ती परत जागेवर आली. पुन्हा ताणली, पुन्हा आली. मग टोपी जिथे मानेला जोडली होती ती शिवण दोन्ही अंगठ्यांनी फाकवली. “फाटनं ते आठेच फाटी,” ती मला म्हणाली, जणू मी तिच्या हाताखाली शिकायला बसलो होतो. शिवणीच्या आत लोकरीचा मूळ रंग दिसत होता. बाहेरच्याशी तो जुळत होता, म्हणजे नंतर रंगवलेली नव्हती. वास घेतला. थुंकी लावून चोळली.

व्यापारी बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, “मौसी, माल लेना है, के लड़की देखने आई हो?”

“पोर देखाले बी असंच देखतस आम्ही,” माय म्हणाली आणि त्याच्याकडे विडी मागितली.

तो गोंधळला. बाजूच्या ताडपत्रीवरचे लोक बघू लागले. मायने आतल्या शिवणीतून लोकरीची बारीक लव खुडली आणि त्याच्या पेटत्या विडीच्या टोकाला लावली. लव चुरचुरली आणि केस जळाल्याचा वास आला. कडेला काळा मणी राहिला, तो तिने बोटात घेतला आणि त्याचा भुगा झाला. सूत असतं तर कागदासारखं भुरकन जळालं असतं. ही परीक्षा ती धनगराकडून घोंगडी घेताना करायची. तिने विडी परत केली.

मग मला जर्सी घालायला लावली. भर बाजारात. टोपी ओढायला लावली, डावीकडे बघ, उजवीकडे बघ, गाडी आली तर दिसेल का. दोन्ही हात वर करायला लावले. शेवटी म्हणाली, “कापूस येचस तसा वाकं.” मी वाकलो. पाठ उघडी पडत नाही हे तिने हाताने चाचपून पाहिलं. कॉलेजात कापूस वेचायचा नव्हता, पण अंगावरचं कापड कसं बसतं हे बघायची तिची रीत तीच होती. पुण्यातल्या पोरांनी मला तसं पाहिलं असतं तर हसली असती. हसू देत. त्या जर्सीइतकी नीट पारखून घेतलेली वस्तू त्यांच्यापैकी एकाच्याही अंगावर नव्हती, हे मी तेव्हाही छातीठोक सांगितलं असतं.

सौदा झाला. आबा आले, त्यांनी जर्सी हातात तोलली आणि म्हणाले, “जड शे.” आबांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं. घरी येताना मायने ती मांडीवर ठेवली आणि त्यावर हात ठेवला. तोच हात.

घरी आत्या होती, आबांची थोरली बहीण. तिने जर्सी पाहिली, टोपी पाहिली, आणि पहिला प्रश्न केला, “नवी शे का जुनी?”

“पलटनीनी शे,” माय म्हणाली.

“म्हंजे कोना तरी आंगवरनी. मरेल शिपाईनी बी ऱ्हाई.”

आत्या वाईट बाई नव्हती. जे मनात आलं ते बोलली. पण मी त्या वेळी मायकडे बघत होतो, आणि तिच्या चेहऱ्यावरचं सगळं समाधान एका क्षणात आत गेलेलं मला दिसलं. माझी छाती वाचवायला तिने ती घेतली होती. आता तीच जर्सी कुणाचा तरी आजार, कुणाचा तरी घाम घेऊन माझ्या छातीला लागणार, असं तिला वाटलं असावं.

आमच्या घरात कोरं कापड तसंच अंगावर घालत नसत. आधी त्याला पाणी पाजायचं. मांजरपाट असो, खादी असो, धोतर असो, कढत पाण्यात सोडा टाकून भिजवायचं, त्याची खळ काढायची, ते किती आटतं ते आटू द्यायचं, मगच शिंप्याकडे द्यायचं. सुती कापडाला हे लागतंच. आणि दुसऱ्याच्या अंगावरचं काही घरात आलं, तर ते उकळायचं. उकळत्या पाण्यापुढे कसलाही दोष टिकत नाही, असं आम्ही मानत होतो. ही रीत मायने काढलेली नव्हती. ती तिला तिच्या मायने दिली होती, आणि गावातल्या घराघरात तीच होती. घोंगडी मात्र कुणी कधी उकळत नसे. ती नदीच्या थंड पाण्यात नुसती बुचकळून काढत. पण ते का, हे कुणी कुणाला विचारलेलं नव्हतं. घोंगडी उकळायला एवढा मोठा हंडा कुणाकडे आहे, एवढंच आम्हाला वाटत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायने अंगणातल्या चुलीवर हंडा ठेवला. पाणी खळखळलं, तेव्हा सोडा टाकला आणि जर्सी सोडली. लाकडी दांड्याने दाबून दाबून फिरवली. मग काढली आणि दगडावर ठेवून धोपाटण्याने झोडली. दोष काढायचा म्हटल्यावर वरवर धुऊन भागत नाही. मी ओसरीवर माझी पुस्तकं ट्रंकेत भरत होतो. तो आवाज मला ऐकू येत होता. सुरुवातीला भिजलेल्या कपड्याचा येतो तसा फटफट आवाज होता. थोड्या वेळाने तो बदलला, घट्ट झाला, लाकडावर लाकूड पडावं तसा. मी मान वर केली नाही. आवाज बदलला म्हणजे काय झालं, हे मला तरी कुठे माहीत होतं.

माय पिळायला गेली आणि थांबली. पिळली जाईना. तिने ती उघडून धरली.

बाह्या माझ्या कोपरापर्यंत आल्या असत्या. अंग पोटावर संपलं असतं. टोपी लहान लेकराच्या टोपड्याएवढी झाली होती. विणीचा टाका न् टाका दुसऱ्याला चिकटला होता. कुठेच वीण दिसत नव्हती, नुसता जाड राखी पत्रा.

तिने ती हाक न मारता घरात आणली. आबा आणि मी मिळून ती ओढून पाहिली. मी गळ्याकडून, आबा खालून. ओली होती तोवर ओढली, मग खुंटीला टांगून तिच्या दोन्ही बाह्यांना दगड बांधले. वाळल्यावर दगडांच्या गाठींच्या खुणा तेवढ्या राहिल्या. आबांनी ती हातात घेतली, बोटाने ठोकली आणि म्हणाले, “घोडावर टाकाले नमदा व्हई गया.”

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात खोगिराखाली घालायचे जाड नमदे विकायला येतात, त्यावरून ते बोलले. चिडून नव्हे. वातावरण हलकं करायला बोलले. मीही हसलो. माय हसली नाही. त्यानंतर आबांनी त्या गोष्टीचा विषय काढला नाही, आणि हंड्याबद्दल तिला एक शब्दही बोलले नाहीत. कधीकधी मला वाटतं, बोलले असते तर बरं झालं असतं. तिला भांडता आलं असतं.

आबांनी आपली घोंगडी झटकून माझ्या ट्रंकेवर ठेवली. मायकडे पाहिलं. मायने मान हलवली. आपल्याच अटीवर ती आता अडून बसू शकत नव्हती. बंदोबस्त तिच्याच हातून गेला होता. मी पुण्याला गेलो. घोंगडी पांघरून अभ्यास केला, पहाटे तिची खोळ करून गच्चीवर पाठांतर केलं. वसतिगृहातल्या एकाने विचारलं, “काय रे, मेंढ्या कुठे आहेत?” मी म्हटलं, “ही काय, समोर उभी आहे.” पुन्हा कुणी विचारलं नाही. छातीही धड राहिली.

गावात मात्र गोष्ट पसरली. आत्याने सांगितली असेल, किंवा अंगणात कुणी पाहिली असेल. नदीवर बाया धुणं घेऊन आल्या, की मायला विचारायच्या, “मामी, डाळ शिजनी का जर्सी?” हे मला धाकट्या बहिणीने सांगितलं. त्यात विष नव्हतं. जिने शेठच्या लुगड्याला पापड म्हटलं, तिला एवढी थट्टा करायचा गावाला हक्कच होता. माय आधी असल्या थट्टेला सव्वापट उत्तर द्यायची. आता देईनाशी झाली.

पुण्यात लक्ष्मी रस्त्याच्या एका गल्लीत लोकरीच्या कपड्यांचं दुकान होतं. एकदा मी नुसती चौकशी करायला आत गेलो आणि तिथल्या वयस्कर माणसाला आमच्या जर्सीची हकिगत सांगितली. तो ऐकत गेला आणि मध्येच म्हणाला, “झोडली पण? मग काय राहणार.” मग त्याने मला समजावलं. लोकर कढत पाण्यात घालून झोडली, की तिचे तंतू एकमेकांत अडकतात, ते पुन्हा सुटत नाहीत. नमदे असेच करतात. आणि मग तो म्हणाला, “पण माल अस्सल होता हं. सुताची भेसळ असती तर एवढी आटलीच नसती. ज्यांनी निवडली त्यांना कळत होतं.”

मी त्या दुकानातून बाहेर पडलो तो जवळजवळ पळतच. मला वाटलं, माझ्या हातात औषध आलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी पोचलो, पाणी प्यालो आणि मायला सगळं सांगितलं. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. मी सांगितलं की जर्सी एवढी आटली हाच पुरावा आहे. तू जी निवडलीस ती ढिगातली सर्वांत अस्सल होती. भेसळीची असती तर आज मी ती घालून बसलो असतो.

तिने भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं. मला वाटलं ती म्हणेल, समजाडी ऱ्हायना का माले. ते ती म्हणाली असती तर मी हजार वेळा पटवलं असतं. पण तिला पटलं. ती म्हणाली :

“खोटी ऱ्हाती ते इकनाराना दोष व्हता. अस्सल व्हती, म्हंजे मीच मारी टाकी.”

 मी बी.ए. व्हायचा होतो, तर्कशास्त्र हा विषय मला होता, आणि त्या वाक्यातली चूक मला दाखवता आली नाही. आजही नाही. तोपर्यंत तिच्या मनात एक फट उरली असेल, की कदाचित व्यापाऱ्याने फसवलं. ती फट मी बुजवली होती, आणि बुजवताना मला वाटत होतं मी तिला हवा देतो आहे.

त्या वर्षी चुलतभावाच्या लग्नाचा बस्ता होता. गाडी दाराशी आली. माय म्हणाली, माझं डोकं दुखतं. पुढच्या बस्त्याला म्हणाली, घरी पाहुणे येणार आहेत, कळसाडीहून. पाहुणे खरंच आले, पण दोन दिवसांनी. लोक समजले. गाडी आमच्या दारावरून न थांबता जाऊ लागली. गावाने तिला काढलं नव्हतं. कित्येकींनी हात धरून ओढलं. तिनेच स्वतःला उतरवून घेतलं होतं.

माझ्या लग्नाच्या बस्त्याला मात्र तिला यावंच लागलं. वरमाय होती. मी पदवीधर झालो होतो, नोकरीला लागलो होतो, अंगात कोट होता. शेठने आम्हाला पाहिलं आणि सवयीने नोकराला खूण करायला डोळे वळवले. मग त्याच्या लक्षात आलं, की माय गादीच्या कडेला भिंतीला टेकून बसली आहे, पदर सावरून, हात पदराच्या आत. त्याने खूण केली नाही. नोकर सगळे गठ्ठे बाहेर आणत गेला.

“माय, देख ना,” मी म्हणालो. लुगडं उचलून तिच्या मांडीवर ठेवलं.

“तूच देख. तू शिकेल शे.”

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. उकळत्या पाण्याचं आणि लोकरीचं जे तिला ठाऊक नव्हतं ते मला कळलं होतं, तेव्हा लुगड्याचंही मलाच कळणार. मी लुगडं उलटं केलं. कोपरा चुरगळला. तिचं बघून जे जे आठवत होतं ते सगळं केलं, पण कोपरा उलगडताना नेमकं काय बघायचं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. शेवटी रंगावर घेतलं. शेठ म्हणाला, “साहेबांची नजर आहे.” त्याने मावशीची थट्टाही केली नाही, आणि मला तीच उणीव सगळ्यात जास्त टोचली.

ते लुगडं पुढच्या दिवाळीपर्यंत घडीच्या रेषेवर विरलं. तेव्हा माझ्या बायकोने मला सांगितलं, की लग्नानंतर पहिल्यांदा पेटीतून ते काढलं, तेव्हा सासूबाईंनी त्याचा पदर नखाने खरवडला होता. पांढरी पूड पडली. त्यांनी ती फुंकून टाकली आणि लुगडं घडी करून दिलं, बोलल्या काही नाहीत. दुकानात मांडीवर ठेवलं तेव्हाच तिला वजनावरून कळलं असणार, असं मला वाटतं. मी विचारलं नाही. विचारून ती काय म्हणणार, हे मला माहीत होतं.

जर्सी तिने टाकली नव्हती. माझी मुलगी चालायला लागली त्या हिवाळ्यात आम्ही गावी गेलो होतो. तोरणमाळच्या बाजूने वारा सुटला होता आणि पोर शिंकत होती. मायने उतरंडीमागून ती काढली आणि पोरीला घातली. बाह्या बरोबर मनगटाला आल्या. टोपी बरोबर बसली. आरपार वारा जाईल अशी त्यात जागाच नव्हती. पोर अंगणात ओल्या चाऱ्यावर लोळली, तरी आत थेंब शिरला नाही. तितकं उबदार कापड मी नंतर पैसे देऊनही कुठे पाहिलं नाही.

शेजारची नवी सून दाराशी आली. ती दुसऱ्या गावची, तिला मागचं काही ठाऊक नव्हतं. तिने पोरीचा गाल ओढला आणि जर्सीवरून हात फिरवला.

“कोठे भेटनी व मामी? कोनी पारखी?”

“तिना बाप पुनाथीन लई उना,” माय म्हणाली.

मी ओसरीवरच होतो. मी म्हणालो, “खोटं सांगते ती. आठवडी बाजारात मायनेच घेतली. विडीवर लव जाळून पाहिली होती.”

सुनेने मायकडे पाहिलं. माय पोरीच्या हनुवटीखाली टोपीची कड सारखी करत होती.

“त्यानं मनवर घेऊ नको,” ती सुनेला म्हणाली. “शिकेल मानूस शे, काहीबी बोलस.”

सून हसली आणि मीही हसलो, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. पोरगी सुटून अंगणात पळाली. सून जाताना म्हणाली, आमच्या नणंदेचा बस्ता आहे पुढच्या बाजाराला, कुणीतरी जाणतं माणूस बघतोय. माय म्हणाली, “देखा ना. गावमा जानत्या बाया मुकल्या शेत, एक का दोन.” आणि उठून आत गेली.